रोमन संख्याचिन्हे आणि आपले अंक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेहमीच्या अंकांत लिहिलेली संख्या रोमन संख्याचिन्हांत कशी लिहावी, आणि तशी लिहिलेली संख्या परत कशी वाचावी, याविषयी विद्यार्थी, पालक आणि इतर जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. रोमन चिन्हे म्हणजे इंग्रजी वर्णमालेतील मोठी अक्षरे. येथे ती त्यांच्या नावांनी, म्हणजे आय, व्ही, एक्स अशी लिहिली आहेत, जेणेकरून उत्तर मोठ्याने वाचता येईल आणि शेजारी बसलेल्या मुलाला सांगून लिहून घेता येईल. मधली आडवी रेघ हजार, शतक, दशक आणि एकक वेगळे दिसावेत एवढ्यासाठीच आहे; प्रत्यक्ष लिहिताना ती गाळून सर्व अक्षरे सलग लिहावीत.

एकूण चिन्हे किती आहेत आणि त्यांच्या किमती काय आहेत?

चिन्हे सात आहेत. आय म्हणजे १, व्ही म्हणजे ५, एक्स म्हणजे १०, एल म्हणजे ५०, सी म्हणजे १००, डी म्हणजे ५०० आणि एम म्हणजे १,०००. महाराष्ट्रात इयत्ता पाचवीच्या गणितात मुलांची रोमन संख्याचिन्हांशी जी ओळख होते ती मुख्यतः आय, व्ही आणि एक्स यांच्यापुरती असते, आणि घड्याळ वाचायला तेवढी पुरते. सन लिहायचा झाला की मात्र उरलेली चार चिन्हेही लागतात. बहुतेकांचा गोंधळ तिथेच सुरू होतो.

संख्या रोमन चिन्हांत लिहिण्याची सर्वांत खात्रीची रीत कोणती?

शाळेत शिकलेले विस्तारित रूप आठवावे. संख्येचे विस्तारित रूप लिहावे, प्रत्येक स्थानाचे स्वतंत्रपणे रोमन रूप करावे आणि ती रूपे मोठ्याकडून लहानाकडे ओळीने मांडावीत. एका स्थानाचे काम करताना दुसऱ्या स्थानाकडे पाहू नये. इतर सर्व नियम या एका नियमाच्या पोटात येतात, आणि ज्या चुका आम्ही वह्यांत पाहतो त्यांतील बहुतेक हा नियम मोडल्यामुळेच झालेल्या असतात.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे वर्ष १९६० घेऊ. त्याचे विस्तारित रूप १००० + ९०० + ६० + ० असे होते. हजारासाठी एम, नऊशेसाठी सीएम, साठासाठी एलएक्स, आणि एककस्थानी शून्य असल्यामुळे तिथे काहीच लिहायचे नाही. म्हणून १९६० म्हणजे एम-सीएम-एलएक्स. स्वातंत्र्याचे वर्ष १९४७ त्याच रीतीने एम-सीएम-एक्सएल-व्हीआयआय असे होते, आणि शिवराज्याभिषेकाचे १६७४ हे एम-डीसी-एलएक्सएक्स-आयव्ही असे होते.

प्रत्येक स्थानाची नऊ रूपे पुढे दिली आहेत. ती एकदा वहीत उतरवून घ्यावीत.

एकक, १ ते ९ : आय, आयआय, आयआयआय, आयव्ही, व्ही, व्हीआय, व्हीआयआय, व्हीआयआयआय, आयएक्स.

दशक, १० ते ९० : एक्स, एक्सएक्स, एक्सएक्सएक्स, एक्सएल, एल, एलएक्स, एलएक्सएक्स, एलएक्सएक्सएक्स, एक्ससी.

शतक, १०० ते ९०० : सी, सीसी, सीसीसी, सीडी, डी, डीसी, डीसीसी, डीसीसीसी, सीएम.

हजार, १,००० ते ३,००० : एम, एमएम, एमएमएम.

या ओळी एकाखाली एक ठेवून पाहिल्या तर पहिल्या तिन्हींचा साचा एकच असल्याचे लक्षात येते. बदलतात ती केवळ अक्षरे. त्यामुळे एककाची ओळ पाठ असली की दशकाची आणि शतकाची ओळ तिच्यावरून तयार करता येते.

मुले १९ साठी ‘आयएक्सएक्स’ आणि ४९ साठी ‘आयएल’ असे का लिहितात? त्यात चूक काय आहे?

ही चूक निष्काळजीपणाची नाही. ती आपल्या भाषेतून येते, आणि म्हणून ती शांतपणे समजावून सांगण्याजोगी आहे. मराठीत आपण १९ ला एकोणीस म्हणतो, म्हणजे ‘एक उणे वीस’. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणनव्वद हे सर्व शब्द पुढच्या दशकातून एक वजा करूनच तयार झालेले आहेत. रोमन पद्धतीत लहान चिन्ह मोठ्याच्या डावीकडे आले की ते वजा होते हे कळल्यावर, मराठीत विचार करणारे मूल ‘वीसमधून एक कमी’ हा शब्दाचा अर्थ जसाच्या तसा चिन्हांत उतरवते आणि एक्सएक्सच्या आधी आय लिहून मोकळे होते. त्याचा तर्क बरोबर असतो. फक्त रोमन लेखनाने ही वजाबाकी प्रत्येक स्थानाच्या आत कोंडून ठेवलेली आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अशा मुलाला शब्दाऐवजी अंक पाहायला सांगावे. १९ मध्ये एक दशक आणि नऊ एकक आहेत, म्हणून एक्स-आयएक्स. ४९ मध्ये चार दशक आणि नऊ एकक आहेत, म्हणून एक्सएल-आयएक्स. ८९ मध्ये आठ दशक आणि नऊ एकक, म्हणून एलएक्सएक्सएक्स-आयएक्स. ९९ ला मात्र आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही, नव्याण्णव म्हणतो, म्हणजे नऊ आणि नव्वद. आणि रोमन लेखनही नेमके तेच सांगते : एक्ससी-आयएक्स. शिकवताना ९९ पासून सुरुवात करून मग ८९ आणि ७९ कडे उतरत आले, तर स्थानांची फोड मुलांना लवकर पटते, असा आमचा अनुभव आहे.

विशेष म्हणजे खुद्द रोमनांच्या लॅटिन भाषेतही १९ साठी ‘वीसमधून एक’ आणि १८ साठी ‘वीसमधून दोन’ अशा अर्थाचेच शब्द होते. इसवी सन ९ मध्ये जर्मनीतील लढाईत मारल्या गेलेल्या मार्कस काएलियस या रोमन सैन्याधिकाऱ्याच्या स्मृतिशिलेवर त्याच्या अठराव्या सैन्यदलाचा क्रमांक एक्सआयआयएक्स असा कोरलेला आहे. आज कोणी असे लिहिले तर गुण कापले जातील, पण बोलीचा लेखनावर प्रभाव पडतो याचा तो जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा दगडी पुरावा आहे.

वजाबाकीच्या नेमक्या किती जोड्या मान्य आहेत?

फक्त सहा : आयव्ही म्हणजे ४, आयएक्स म्हणजे ९, एक्सएल म्हणजे ४०, एक्ससी म्हणजे ९०, सीडी म्हणजे ४०० आणि सीएम म्हणजे ९००. आय हे चिन्ह व्ही आणि एक्स यांच्यातूनच वजा होते, एक्स हे एल आणि सी यांच्यातून, आणि सी हे डी आणि एम यांच्यातून. व्ही, एल आणि डी ही चिन्हे कधीच वजा होत नाहीत. म्हणून १९९९ हे वर्ष एमआयएम असे आटोपशीर लिहिण्याचा मोह टाळावा. ते एम-सीएम-एक्ससी-आयएक्स असेच लिहावे लागते.

एकच चिन्ह किती वेळा लागोपाठ लिहिता येते?

आय, एक्स, सी आणि एम ही चिन्हे जास्तीत जास्त तीन वेळा लागोपाठ येतात. व्ही, एल आणि डी यांची पुनरावृत्ती होत नाही, कारण दोन व्ही म्हणजे एक एक्सच होतो, दोन एल म्हणजे सी आणि दोन डी म्हणजे एम.

मग भिंतीवरील घड्याळात चारासाठी चार उभ्या रेघा का असतात? ते घड्याळ चुकीचे आहे का?

घड्याळ चुकीचे नाही. आज आपण जे नियम शिकतो ते पुढच्या काळात घट्ट झाले. रोमन काळात चारासाठी चार आय लिहिणे अगदी सर्रास चालत असे. रोममधील कलोसियम या भव्य प्रेक्षागाराच्या प्रवेशद्वारांवर क्रमांक कोरलेले आहेत, आणि त्यांतील ४४ व्या द्वारावर एक्सएल-आयआयआयआय असा क्रमांक आहे. म्हणजे चाळीससाठी वजाबाकीचे रूप आणि चारासाठी मात्र चार रेघा, असे दोन्ही प्रघात एकाच क्रमांकात शेजारी शेजारी नांदत होते.

घड्याळाच्या तबकडीवर चार रेघा ठेवण्याचा एक दृश्य फायदाही आहे. चारासमोर, तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, आठ येतो आणि आठ हे सर्वांत जाड दिसणारे चिन्ह आहे. चार रेघांमुळे दोन्ही बाजूंचा भार सारखा वाटतो. लंडनच्या संसद भवनाच्या मनोऱ्यावरील प्रसिद्ध घड्याळात मात्र चारासाठी आयव्ही आहे. परीक्षेत विचारले तर आयव्ही लिहावे.

इमारतीवर किंवा स्मारकावर कोरलेले रोमन वर्ष कसे वाचावे?

उजवीकडून डावीकडे जावे. शेवटच्या अक्षराची किंमत घ्यावी. नंतर डावीकडचे प्रत्येक अक्षर त्याच्या लगेच उजवीकडच्या अक्षरापेक्षा लहान असेल तर वजा करावे, समान किंवा मोठे असेल तर मिळवावे.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावरील लेख उदाहरण म्हणून उत्तम आहे. पाचवे जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या भारतातील आगमनाची, २ डिसेंबरची, नोंद त्यात आहे आणि वर्ष रोमन चिन्हांत आहे : एम, सी, एम, एक्स, आय. उजवीकडून सुरुवात केली की आय म्हणजे १. एक्स मोठे, म्हणून ११. एम मोठे, म्हणून १,०११. त्याच्या डावीकडचे सी हे एमपेक्षा लहान, म्हणून वजा करून ९११. आणि शेवटचे एम मिळवून १९११. पुष्कळ जण हे वर्ष वाचून वास्तू १९११ मध्ये बांधली असे समजतात, ते बरोबर नाही. ते आगमनाचे वर्ष आहे. पायाभरणी १९१३ मध्ये झाली आणि बांधकाम १९२४ मध्ये पूर्ण झाले. कोरलेले वर्ष वाचता येणे आणि ते कशाचे वर्ष आहे हे वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी भोवतालचा मजकूर वाचावाच लागतो.

दिल्लीच्या इंडिया गेटवर ‘इंडिया’ या शब्दाच्या दोन बाजूंना दोन वर्षे आहेत : डावीकडे एम-सीएम-एक्स-आयव्ही, म्हणजे १९१४, आणि उजवीकडे एम-सीएम-एक्स-आयएक्स, म्हणजे १९१९. दोन्हींत फरक आहे तो केवळ शेवटच्या अक्षराचा. सहलीला गेलेल्या मुलांना या दोन संख्यांपुढे उभे करून फरक शोधायला लावावा. वजाबाकीचा नियम त्यांना वेगळा शिकवावा लागत नाही.

राजांच्या नावापुढील रोमन क्रमांक मराठीत कसा वाचावा व लिहावा?

मराठीत क्रमवाचक विशेषण नावाच्या आधी येते, म्हणून पाचवा जॉर्ज, आठवा हेन्री, चौदावा लुई असेच लिहावे आणि वाचावे. ‘जॉर्ज व्ही’ हे वाचन चुकीचे आहे. घरात जुनी नाणी असतील तर हा क्रमांक उपयोगी पडतो : सातव्या एडवर्डच्या नाण्यावर व्हीआयआय, पाचव्या जॉर्जच्या नाण्यावर व्ही आणि सहाव्या जॉर्जच्या नाण्यावर व्हीआय असते. झिजलेल्या नाण्यावर व्हीनंतरची एक बारीक रेघ दिसते की नाही, यावर ते १९३६ पूर्वीच्या राजाचे की नंतरच्या, हे ठरू शकते. असे नाणे उजेडात तिरके धरून पाहावे. ती रेघ झिजली असली तरी तिची सावली बहुधा सापडते.

शून्य कसे लिहितात?

रोमन पद्धतीत शून्यासाठी चिन्ह नाही, आणि रिकाम्या स्थानी काही लिहिण्याची गरजही पडत नाही, कारण प्रत्येक अक्षर आपली किंमत स्वतःबरोबर घेऊन फिरते. २००६ म्हणजे एमएम-व्हीआय. मधली दोन शून्ये नुसती गळून पडतात.

सर्वांत मोठी संख्या कोणती लिहिता येते?

नेहमीच्या नियमांनी ३,९९९, म्हणजे एमएमएम-सीएम-एक्ससी-आयएक्स. चार हजारांसाठी चार एम लिहावे लागले असते आणि नियम तीनपर्यंतचाच आहे. त्यापुढच्या संख्यांसाठी अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ देण्याची पद्धत होती. तिने किंमत हजारपट होते, म्हणून डोक्यावर रेघ असलेले एक्स म्हणजे दहा हजार. अक्षराला वरून आणि दोन्ही बाजूंनी अशी तीन बाजूंची चौकट केली तर किंमत लाखपट होत असे. लाखाच्या पटीत मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना ही चौकट विशेष जवळची वाटावी.

लक्षात ठेवण्याजोगी काही वर्षे आहेत का?

एक अवश्य आहे. १६६६ म्हणजे एम-डीसी-एलएक्स-व्हीआय. या वर्षात सातही चिन्हे प्रत्येकी एकदाच आणि मोठ्याकडून लहानाकडे अशा उतरत्या क्रमाने येतात. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते याच वर्षी, त्यामुळे मराठी मुलांना सात चिन्हांचा क्रम पाठ करण्यासाठी याहून चांगली खूण नाही. १४४४ मध्येही सातही चिन्हे एकेकदाच येतात, पण वजाबाकीच्या जोड्यांमुळे त्यांचा क्रम सरळ उतरता राहत नाही : एम-सीडी-एक्सएल-आयव्ही. लांबीच्या दृष्टीने १८८८ हे वर्ष तेरा अक्षरे घेते : एम-डीसीसीसी-एलएक्सएक्सएक्स-व्हीआयआयआय.

संगणकावर रूपांतर करता येते का?

एक्सेलमध्ये ‘रोमन’ नावाचे सूत्र आहे आणि उलट दिशेसाठी ‘अरेबिक’ नावाचे. ‘रोमन’ची मर्यादा ३,९९९ हीच आहे. त्या सूत्राला संख्येनंतर शून्य ते चार असा एक ऐच्छिक आकडा देता येतो, आणि तो वाढवत नेला तर सूत्र अधिकाधिक संक्षिप्त पण प्रघाताबाहेरचे रूप देते. उदाहरणार्थ ४९९ साठी शास्त्रशुद्ध सीडी-एक्ससी-आयएक्सऐवजी नुसते आयडी. हा दुसरा आकडा द्यायचाच नाही, म्हणजे उत्तर योग्य मिळते. टंकलेखन करताना साधी इंग्रजी मोठी अक्षरेच वापरावीत. युनिकोडमध्ये रोमन संख्यांसाठी वेगळी चिन्हेही आहेत, पण ती वापरल्यास शोध घेताना शब्द सापडत नाही.

लहान अक्षरांतील रोमन संख्या कुठे वापरतात?

पुस्तकाच्या प्रस्तावनेच्या पानांवर आणि कायद्यांच्या उपखंडांत. मराठीतून प्रसिद्ध होणाऱ्या कायद्यांत त्या जागी कंसात एक, दोन, तीन असे शब्द लिहिण्याची पद्धत आहे. आम्हाला ती अधिक योग्य वाटते, कारण उपखंडाचा क्रमांक ‘आय’ हे अक्षर आहे की एक हा आकडा आहे, असा प्रश्नच त्यात उरत नाही.

आपल्याकडे अशी पद्धत कधी होती का?

जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख आहे. त्यात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी यांचे आकडे कोरलेले आहेत, आणि भारतातील प्राचीन अंकलेखनाच्या महत्त्वाच्या पुराव्यांत त्यांची गणना होते. तो लेख कोरला गेला त्या सुमारास रोममध्ये रोमन चिन्हे वापरात होती, आणि दोन्हींकडे शून्य नव्हते, स्थानिक किंमतही नव्हती. फरक असा की रोमन माणूस तीनशेसाठी सी तीनदा लिहीत असे, तर नाणेघाटात चारशेसाठी शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडलेले आहे. पुनरावृत्तीच्या जागी गुणाकार आला. पुढे भारतात स्थानिक किंमत आणि शून्य यांची जोड मिळाली, ते अंक अरबांमार्फत पश्चिमेकडे गेले, आणि पिसाच्या लिओनार्दोने, म्हणजेच फिबोनाचीने, १२०२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात ‘भारतीयांचे नऊ अंक’ म्हणून त्यांची ओळख करून दिली. युरोपने ते लगेच स्वीकारले असे नाही. १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हिशोबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरण्यास मनाई केली होती.

रोमन चिन्हांत बेरीज आणि गुणाकार कसा करत असत?

हिशोब चिन्हांत होत नसे. तो खड्यांच्या पाटीवर किंवा मणीचौकटीवर होत असे, आणि चिन्हे केवळ उत्तर नोंदवण्यासाठी असत. त्यामुळे मुलांना रोमन चिन्हांत गुणाकार करायला लावू नये. बेरीज मात्र गंमत म्हणून करून पाहता येते : २३ आणि ६२ यांची सर्व अक्षरे एकत्र करून उतरत्या क्रमाने लावली की एल, एक्स, एक्स, एक्स आणि पाच आय मिळतात; पाच आयंच्या जागी व्ही ठेवला की ८५.

अंगठीवर, तबकावर किंवा कोनशिलेवर तारीख कोरून घ्यायची आहे. काय काळजी घ्यावी?

दिवस, महिना आणि वर्ष यांची रूपे वेगवेगळी करावीत आणि मध्ये टिंब द्यावे. १ मे १९६० ही तारीख आय, टिंब, व्ही, टिंब, एम-सीएम-एलएक्स अशी होईल. आधी दिवस मग महिना हा आपला क्रम कारागिराला तोंडी न सांगता लिहून द्यावा.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाने आईवडिलांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसासाठी चांदीच्या तबकावर १९७४ कोरून घेतले. घरून दिलेल्या चिठ्ठीत एम-सीएम-एलएक्सएक्स-आयव्ही असे बरोबर लिहिले होते. कोरताना शेवटची दोन अक्षरे उलटसुलट झाली आणि तबकावर १९७६ आले. समारंभाच्या दिवशी ते कोणाच्या लक्षात आले नाही. ते लक्षात आले आईच्या, चार दिवसांनी तबक पुसताना. चांदीवर खोल कोरलेले अक्षर घासून काढता येत नाही.

म्हणून कोरण्यापूर्वी कागदावरील नमुना मागून घ्यावा, आणि ज्याने रूपांतर केले नाही अशा दुसऱ्या व्यक्तीकडून, मूळ वर्ष न सांगता, तो उजवीकडून डावीकडे वाचून घ्यावा. तिने काढलेले वर्ष आपल्या वर्षाशी जुळले तरच नमुन्यावर सही करावी.